सामान बांधण्याआधी यादी बांधा



एक काळ असा होता की आपल्या घरातले माणूस परगावी निघाले म्हणजे एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि फडक्यात बांधलेली भाकरी एवढ्यावर भागत असे. आता आपली शिकलेली मुले-मुली कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथे नोकरीला आणि कायमच्या वास्तव्याला जात आहेत. शिक्षणकर्जाचा हप्ता किती, व्हिसाची फी किती, विमानाचे तिकीट केवढ्याला पडले, हे घरातला प्रत्येक जण तोंडपाठ सांगतो. पण संसाराचे सामान तिकडच्या कस्टममधून कसे सुटणार, हा प्रश्न बहुतेक घरांत खोकी बांधून झाल्यावर निघतो. कधी कधी तर ती बोटीवर चढल्यावर. मग धावपळ, फोन आणि नको तो भुर्दंड.

म्हणून आज या सदरात विषय घेतला आहे तो परदेशी जाणाऱ्या घरसामानाचा. सगळ्या देशांचे सगळे नियम एका लेखात मावणार नाहीत. परंतु एक गोष्ट सर्वत्र सारखी आहे, ती सुरुवातीलाच सांगते. कस्टमचा अधिकारी प्रत्येक खोके उघडून पाहत नाही, तो आधी तुमची यादी पाहतो. यादी नीट असेल तर सामान बहुधा सुखरूप घरी येते. यादी नसेल किंवा खोटी असेल, तर स्वतःच्याच जुन्या भांड्यांवर कर भरण्याची पाळी येऊ शकते.

सवलत कशासाठी मिळते?

परदेशातून माल आला की त्यावर सरकार जकात आणि कर घेते. हा नियम मुळात व्यापाराच्या मालासाठी आहे. घर बदलणारा माणूस मात्र माल विकायला आणत नाही. तो आपल्या अंथरुणाचे, चुलीचे, मुलांच्या खेळण्यांचे बिऱ्हाड हलवीत असतो. म्हणून बहुतेक देशांनी वास्तव्य बदलणाऱ्या माणसाला घरसामानावर करमाफी दिलेली आहे. ही काही अधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे. ती नियमात लिहिलेली सवलत आहे आणि ती हक्काने मागता येते. मात्र मागणाऱ्याने तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावी लागतात. वस्तू तुमच्या मालकीची आहे का? तुम्ही ती आधी वापरली आहे का? आणि ती विकायला तर आणली नाही ना?

या तीन प्रश्नांना प्रत्येक देशाने आपापले माप लावले आहे. ब्रिटनमध्ये 'ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स' या नावाची सवलत आहे. तिच्यासाठी तुम्ही किमान सलग १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेले असावे लागते आणि वस्तू किमान ६ महिने तुमच्या मालकीची व वापरातली असावी लागते. त्यासाठी 'टीओआर १' हा अर्ज करून मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो. हा क्रमांक सामान निघण्याआधी हातात असला की पुढची पायपीट वाचते. अमेरिकेत घरसामान किमान एक वर्ष घरात वापरलेले असावे लागते आणि माल सोडविताना '३२९९' क्रमांकाचा फॉर्म भरतात. ऑस्ट्रेलियातही वर्षभराच्या मालकीची आणि वापराची अट आहे. तेथील फॉर्मचा क्रमांक 'बी ५३४'. कॅनडात ठरावीक महिन्यांची अट नाही. पण तेथे पाऊल टाकण्यापूर्वी वस्तू तुमच्या मालकीची, ताब्यातली आणि वापरलेली पाहिजे.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात येईल. जाण्याच्या आदल्या आठवड्यात बाजारातून नवे कुकर, नवा मिक्सर, नव्या चादरी आणून खोक्यासकट बांधणे हा आपल्याकडचा रिवाज आहे. आईला वाटते, लेकीला तिकडे काही कमी पडू नये. पण ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियासाठी ही नवी खरेदी घरसामानाच्या सवलतीत बसत नाही. कॅनडासाठीही ती खोक्यातून काढून वापरायला हवी. उलट घरातला चार वर्षांचा, जरासा काळा पडलेला कुकर सगळीकडे बिनबोभाट जातो.

कॅनडाचे उदाहरण

आता एका देशाची रीत सविस्तर पाहू. कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्या माणसाला तेथील कस्टम 'सेटलर' म्हणजे नव्याने स्थायिक होणारा समजते. (नुसते शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याचे नियम वेगळे आहेत, त्याने हा भाग स्वतःला लागू धरू नये.) सेटलरने दोन याद्या करावयाच्या असतात. पहिली, विमानातून सोबत आणलेल्या वस्तूंची. दुसरी, मागाहून येणाऱ्या वस्तूंची. दोन्हींच्या दोन-दोन प्रती काढाव्यात. वस्तूचे नाव, जिथे असेल तिथे कंपनीचे नाव, मॉडेल व अनुक्रमांक, आणि कॅनडाच्या डॉलरमध्ये अंदाजे किंमत, एवढे तिच्यात हवे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही यादी कॅनडात पहिल्यांदा उतराल त्याच दिवशी, त्याच विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याला द्यावयाची असते. सोबत एक बॅगसुद्धा नसली तरी द्यावयाची असते. अधिकारी त्यावरून 'बीएसएफ १८६' नावाचा फॉर्म तयार करतो, त्याला क्रमांक देतो आणि एक प्रत तुमच्या हाती ठेवतो. दोन-तीन महिन्यांनी बोटीचे सामान आले की हीच प्रत दाखवून ते बिनकराचे सोडवायचे असते. मागाहून येणारी वस्तू पहिल्या दिवशीच्या यादीत नसेल, तर तिच्यावर जकात आणि कर लागू शकतो.

इथेच आपली माणसे फसतात. वीस-बावीस तासांचा प्रवास झालेला असतो, मूल रडत असते, बाहेर नातलग गाडी घेऊन उभे असतात. इमिग्रेशनच्या खिडकीवर कागद तपासून झाले की माणसाला वाटते, झाले सगळे. तो बॅगा ओढत बाहेर पडतो. यादी बॅगेच्या तळाशी राहते, किंवा केलेलीच नसते. काही जण पहिल्यांदा चार-आठ दिवसांसाठी जाऊन येतात आणि सहा महिन्यांनी संसार घेऊन जातात. त्यांना वाटते, यादी तेव्हा देऊ. परंतु पहिले आगमन ते पहिलेच. म्हणून या दोन याद्या पासपोर्टच्या पिशवीतच ठेवाव्यात आणि इमिग्रेशन झाल्यावर कस्टमचा टेबल कुठे आहे, हे स्वतः विचारावे. कोणी बोलावील अशी वाट पाहू नये.

आणखी दोन अटी सांगायला हव्यात. एकाच वस्तूची किंमत १०,००० कॅनेडियन डॉलरपेक्षा जास्त असेल, तर वरच्या रकमेवर कर लागतो. आणि बिनकराने आणलेली वस्तू पहिल्या १२ महिन्यांच्या आत विकली किंवा कोणाला देऊन टाकली, तर त्या वस्तूवरचा कर भरावा लागतो. ब्रिटनमध्येही १२ महिन्यांची अशीच अट आहे. तेव्हा "तिकडे गेल्यावर हा टीव्ही आत्तेभावाला देऊ" असे बेत निदान वर्षभर बाजूला ठेवावेत.

रुखवत आणि दागिने

कॅनडाच्या नियमांत एक तरतूद आपल्या घरांना मोठी उपयोगी आहे. लग्न होऊन तीन महिन्यांच्या आत तिकडे जाणारी, किंवा तिकडे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत लग्न करणारी व्यक्ती लग्नात मिळालेल्या भेटी बिनकराने नेऊ शकते. त्या वापरलेल्या असण्याची अट नाही. पोचण्यापूर्वी त्या मालकीच्या आणि ताब्यात असल्या म्हणजे झाले. नवरीला माहेराहून मिळालेल्या घरसामानालाही हाच नियम आहे. म्हणजे आपले रुखवत! डब्यांची उतरंड, समई, ताट-वाट्यांचा संच, आजीने शिवलेली गोधडी, हे सगळे त्यात धरता येईल. मात्र विवाहाचा दाखला जवळ ठेवावा आणि यादीत या वस्तू "लग्नातील भेट" असे लिहून वेगळ्या दाखवाव्यात. तीन महिने उलटले की ही सूट गेली.

दागिन्यांबद्दल जास्त काळजी घ्यावी. "सोन्याचा हार एक" असे लिहून भागत नाही. सोनाराकडून वजन, कॅरेट आणि किंमत लिहिलेला दाखला घ्यावा. दागिन्याचा फोटो काढून त्यावर तारीख आणि सोनाराची सही घ्यावी. कॅनडाचे कस्टम हेच सुचविते, आणि इतर देशांतही हा कागद कामाला येतो. तसेच भारतातून निघताना विमानतळावरील आपल्या कस्टमकडून दागिन्यांचे निर्यात प्रमाणपत्र करून घेतले, तर पुढे सुट्टीला आल्यावर "हे सोने परदेशातून आणले का?" हा प्रश्न उरत नाही. दागिने बोटीच्या सामानात कधीही टाकू नयेत.

भगिनींना येथे एक वेगळी सूचना करते. दाखला आणि बिल आपल्या नावाचे आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्या. पुष्कळ घरांत यादी नवऱ्याच्या नावाने होते आणि बायकोचे स्त्रीधनही त्याच कागदात मिसळून जाते. पत्नी मागाहून जाणार असेल, तर तिच्या मालकीच्या वस्तूंची यादी तिच्या नावाने, तिच्याच हाती असावी आणि तिच्या पहिल्या आगमनाच्या दिवशी तिनेच ती द्यावी. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. कस्टम विचारते ते वस्तूच्या मालकाला. आणि परक्या देशात बाईच्या नावाचा एक अधिकृत कागद तिच्यापाशी असणे केव्हाही चांगलेच.

स्वयंपाकघर कुठे अडते?

कपडे आणि भांडी सहसा अडत नाहीत. अडते ते स्वयंपाकघरातले धान्य आणि अंगणातली माती. याला कारण कर नव्हे, कीड आणि रोग.

खापरा नावाचा एक बारीकसा भुंगेरा आहे. त्याची अळी साठवलेले धान्य पोखरते. न खाता ती खोक्याच्या घडीत, लाकडाच्या फटीत वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. ज्या देशांत ही कीड नाही, त्यांना तिची फार धास्ती आहे. ऑस्ट्रेलियाने २०२० पासून तांदूळ, हरभरा, तूर, मूग, मसूर, जिरे, धने, बडीशेप, शेंगदाणे, सुक्या मिरच्या असे जिन्नस प्रवाशांच्या बॅगांतून आणि मागाहून येणाऱ्या घरसामानातून आणण्यास बंदी केली. अमेरिकेतही ही कीड असलेल्या देशांतून प्रवाशांनी तांदूळ आणणे चालत नाही. म्हणून सांगते, बोटीने जाणाऱ्या सामानात धान्याचा कणही टाकू नका. रिकामे डबे धुऊन, उन्हात वाळवून मगच बांधा. पिठाची चाळण, सूप, जाते, पाटा-वरवंटा यांच्या खाचांतले पीठ ब्रशने काढा. धान्याच्या जुन्या पोत्यांत भांडी गुंडाळू नका.

सूप, टोपली, परडी, केरसुणी या बांबूच्या, शिंदीच्या, गवताच्या वस्तूंचेही तसेच आहे. ऑस्ट्रेलियात त्या यादीत स्पष्ट दाखवाव्या लागतात. तपासणीत कीड सापडली, तर औषधाची धुरी द्यावी लागते किंवा वस्तू नष्ट करतात, आणि त्याचा खर्च मालकाकडून घेतात. सायकलची चाके, बागेची खुरपी, मुलांचे खेळाचे बूट यांवरची माती घासून धुऊन काढावी.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्यातील काही जण दीक्षाभूमीची चिमूटभर माती, बोधगयेच्या बोधिवृक्षाचे पान किंवा पिंपळाचे रोप सोबत नेऊ इच्छितात. भावना समजण्यासारखी आहे. परंतु ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि कॅनडा या तिन्ही देशांत भारतातील माती परवान्याशिवाय नेता येत नाही. कस्टमच्या लेखी ती मातीच असते, मग ती कोठलीही असो. रोपाला वनस्पती-आरोग्याचे सरकारी प्रमाणपत्र आणि त्या त्या देशाची परवानगी लागते. सुकलेले पान चौकटीत बसवलेले असले, तरी ते यादीत लिहावे आणि अधिकाऱ्याला आपण होऊन दाखवावे. लपवून नेलेल्या मातीची पुडी कचऱ्यात पडताना पाहण्यापेक्षा ती घरीच राहिलेली बरी.

आखाती देशांत जाणाऱ्या बंधू-भगिनींसाठी एक इशारा. खसखस आपल्या अनारशावरची, पण संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेला पदार्थ आहे. तिच्यापायी तुरुंगाची वेळ येऊ शकते. मसाल्याच्या डब्याच्या तळाशी राहिलेले दाणेही नकोत. तसेच कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या तेथील आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय नेऊ नयेत. कोणत्याही देशात जाताना औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत असावीत.

आपल्या देशातून बाहेर पडताना

तिकडच्या कस्टमची एवढी काळजी करताना इकडचे कस्टम विसरू नये. सामान न्हावाशेवा बंदरातून जाणार असेल, तर क्लिअरिंग एजंटला पासपोर्टची, व्हिसाची व तिकिटाची प्रत, सामानाची यादी आणि अधिकारपत्र द्यावे लागते. एजंटजवळ सीमाशुल्क खात्याचा परवाना आहे का, ते विचारावे. कोऱ्या कागदावर किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही करू नये. फॉर्मवर ज्याची सही, जबाबदारी त्याची.

पुरातन वस्तूंसंबंधीचा केंद्र सरकारचा १९७२ चा कायदा आहे. १०० वर्षे किंवा त्याहून जुनी मूर्ती, नाणी, कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखिते आणि कागदपत्रे यांना ७५ वर्षांची मर्यादा आहे. बुद्धमूर्ती नवी, बाजारातून घेतलेली असेल तर तिचे बिल सोबत ठेवावे. दिसायला जुनी असेल, तर ती पुरातन नाही असे प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याकडून घ्यावे. आपल्या काही घरांत आजोबांनी जपलेले 'जनता'चे अंक, चळवळीतील पत्रे, हाताने लिहिलेल्या सभांच्या नोंदी असतात. 'जनता' १९३० साली सुरू झाले. म्हणजे त्यातील बरेच कागद ७५ वर्षांच्या पुढचे. पुरातत्त्व खात्याचे मत घेतल्याखेरीज ते पेटीत टाकू नयेत. खरे तर असा ठेवा एखाद्या चांगल्या ग्रंथालयाकडे सोपवून त्याच्या प्रती सोबत नेणे हेच शहाणपणाचे.

पैसे कुठे गळतात?

सामान नेणाऱ्या कंपनीचे दरपत्रक घेताना एकच प्रश्न नीट विचारा : हा दर बंदरापर्यंतचा की घराच्या दारापर्यंतचा? स्वस्त वाटणारा दर पुष्कळदा फक्त तिकडच्या बंदरापर्यंत असतो. त्यापुढे उतरवणावळ, वखारभाडे, कागदपत्रांची फी आणि घरपोच वाहतूक वेगळी लागते. कंटेनर तपासणीसाठी काढला, तर तो खर्चही मालाच्या मालकावर येतो. ठरावीक दिवसांत माल उचलला नाही, तर दिवसागणिक डेमरेज चढत जाते. हे सगळे लेखी घ्यावे.

२० फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. दोन खोल्यांच्या संसाराला एवढी जागा लागत नाही. तेव्हा अनेकांचे सामान एकत्र नेणारा वाटून घेतलेला कंटेनर स्वस्त पडतो. मात्र त्यात दुसऱ्याच्या सामानाची तपासणी निघाली की आपलेही थांबते. बोटीच्या वेळेचा भरवसा धरू नये. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या आणि सगळ्यांचे वेळापत्रक लांबले. पहिले तीन महिने लागणारे कपडे, अंथरूण, एक कुकर, मुलांची पुस्तके विमानातूनच न्यावीत.

लाकडी पेटी किंवा फळ्या वापरणार असाल, तर त्या लाकडावर आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का पाहून घ्या. लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले, किंवा औषधाची धुरी दिलेले असावे लागते. गल्लीतल्या सुताराने ठोकून दिलेल्या कच्च्या लाकडाच्या पेटीवर असा शिक्का नसतो. पुठ्ठ्याच्या जाड खोक्यांना आणि प्लायवूडला ही अट नाही.

आणि काय नेऊ नये, तेही सांगते. भारतातील वीज २३० व्होल्टची, कॅनडा-अमेरिकेतील १२० व्होल्टची. आपला मिक्सर, इस्त्री, फ्रीज तिकडे सरळ चालत नाहीत. त्यांचे भाडे भरून उपयोग काय? ब्रिटन-ऑस्ट्रेलियात व्होल्टेज आपल्यासारखे आहे, फक्त पिन वेगळी.

विमा का उतरवावा?

बोटीने सामान पाठवण्यातली जोखीम आपल्या समाजाला नवी नाही. १९१७ साली बाबासाहेब लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतले, तेव्हा त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. त्यात त्यांची पुस्तके होती. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. उपाशीपोटी राहून जमविलेली पुस्तके समुद्रात गेली. त्या सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये मिळाले आणि त्या पैशांतून बाबासाहेबांना नोकरीसाठी बडोद्याला जाता आले. पुस्तके गेली ती गेलीच; पण कागद नीट होते म्हणून निदान पुढच्या प्रवासाचे पैसे हाती आले.

आज युद्धाची पाणबुडी नसेल, पण खोकी भिजतात, फुटतात, गहाळ होतात. म्हणून विमा उतरवावा. त्यात एक मेख असते. आपण स्वतः बांधलेल्या खोक्यातील फुटतुटीची भरपाई पुष्कळ विमा कंपन्या देत नाहीत. कंपनीच्या माणसांनी बांधलेले असावे लागते. तेव्हा काचसामान त्यांच्याकडून बांधून घ्यावे आणि विमापत्रातील बारीक अक्षरे वाचावीत. विम्यातील किंमत आणि कस्टमच्या यादीतील किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर नसावे. एकीकडे वस्तू मोलाची आणि दुसरीकडे मातीमोल दाखवली, तर दोन्हीकडे गोत्यात येतो आपणच.

पदव्या, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, जन्म-विवाहाचे दाखले यांतील एकही मूळ कागद बोटीत टाकू नये. खापर पणजोबाचा पुरावा शोधून, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून मिळविलेले ते कागद आहेत. ते अंगाजवळच असावेत.

यादी कशी करावी?

एक दोनशे पानी वही घ्या. जाण्याच्या तीन महिने आधी सुरुवात करा. खोके भरले की त्यावर क्रमांक टाका आणि त्याच क्रमांकाखाली वहीत आतले सामान लिहा. प्रत्येक चमचा लिहिण्याची गरज नाही. "खोके क्र. ७ : वापरलेली स्टीलची भांडी, ३२ नग, ६० डॉलर" एवढे पुरे. विजेच्या व मोलाच्या वस्तू मात्र एकेक, अनुक्रमांकासह लिहाव्यात. किंमत लिहिताना आज जुन्या बाजारात जे मिळेल ते धरावे. पाच वर्षांपूर्वीचे बिल असेल तर ते सोबत लावावे. मालकीचा आणि वापराचा त्याहून चांगला पुरावा नाही.

शेवटची यादी इंग्रजीत करावी लागेल. पोळपाट, परात, पाटा-वरवंटा असे लिहिले तर तिकडच्या अधिकाऱ्याला काय कळणार? वस्तू कशाची आणि कशासाठी, हे साध्या शब्दांत सांगावे : 'लाकडी गोल पाट, पोळ्या लाटण्यासाठी, वापरलेला'. शाळेत शिकणाऱ्या मुलांना या कामाला बसवा. आईने सांगायचे, मुलांनी इंग्रजीत उतरवायचे. ही यादी घरातल्या बाईशिवाय होणारच नाही. कोणत्या डब्यात काय आहे, कोणते भांडे कोणाकडून आले, कशाच्या खाली काय गुंडाळले आहे, हे तिलाच ठाऊक. नवऱ्याने संध्याकाळी घाईघाईत संगणकावर केलेली यादी आणि खोक्यातले सामान जुळले नाही, की अधिकाऱ्याला संशय येतो. म्हणून यादीवर सही करण्याआधी ती दोघांनी मिळून वाचावी.

शेवटी एक कडक सूचना. तुम्ही जाणार हे कळले की वस्तीतला कोणी तरी एक पार्सल घेऊन येईलच. "आमच्या पोराला एवढे खोके पोचवा, आत फक्त कपडे आहेत." नाही म्हणणे जड जाते, आपण एकमेकांच्या आधाराने वर आलेली माणसे. पण यादीत तुम्ही सही करता ती "हे सामान माझे आहे" अशी. दुसऱ्याचे खोके त्यात आले की सही खोटी झाली. त्यात धान्य निघो, खसखस निघो, की आणखी काही, जबाब द्यावा लागेल तुम्हाला. कॅनडासारख्या देशात खोट्या घोषणेबद्दल माल जप्त होऊ शकतो आणि दंडही बसतो. तेव्हा गोड शब्दांत, पण स्पष्ट नाही म्हणा. पाठवायचेच असेल, तर त्यांनी टपालाने, स्वतःच्या नावाने पाठवावे.

नियम बदलत असतात. म्हणून निघण्याआधी त्या देशाच्या कस्टम खात्याची ताजी माहिती एकदा पाहून घ्या, आणि ती एजंटच्या तोंडून ऐकण्याऐवजी स्वतः वाचा. आपली जी माणसे तिकडे आधीच स्थिरावली आहेत, त्यांनाही एक विनंती आहे. तुमची जुनी यादी, तुम्ही भरलेला फॉर्म, तुम्हाला बसलेला भुर्दंड, हे सगळे नव्याने येणाऱ्या कुटुंबाला दाखवा. एखाद्या रविवारी विहारात एकत्र जमाल, तेव्हा अर्धा तास एवढ्यासाठी द्या. नव्या देशात पहिल्याच दिवशी कर आणि दंड भरण्यापेक्षा ते पैसे घराच्या भाड्याला आणि मुलांच्या गरम कपड्यांना लागणार आहेत.

ज्या घरी या वर्षी कोणी निघणार असेल, त्यांनी हे पान कापून पासपोर्टच्या पिशवीत ठेवावे. आणि वही आजच आणावी.